२३ जण, आजी ८१ वर्षांची आणि पचमढी: कसं जमवावं? अनुभव असेल त्यांनी सांगा

नंदनवनचा_नातू

नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की आमच्याकडे सगळेच नागपुरात असतात, पुण्याचे, हैदराबादचे, दोन्ही आत्या अमरावतीहून, त्यामुळे यंदा ठरलं की सगळ्यांनी मिळून तीन दिवस पचमढीला जायचं. ठरवलं सगळ्यांनी, पण प्लॅनिंग माझ्याकडे आलंय. एकूण २३ जण. आजी ८१ वर्षांची, गुडघे गेलेत, घरात वॉकर घेऊन फिरते. मोठे बाबांना शुगर आहे, जेवणाची वेळ टळली की हात थरथरतात. पाच पोट्टे दहा वर्षांच्या आतले आणि ताईचं बाळ आठ महिन्यांचं.

आता घरात दोन पार्ट्या पडून राहिल्या. काका म्हणतात आईला एवढ्या घाटातून नेऊ नका, कोणीतरी एक जण तिच्याजवळ थांबेल. आजी म्हणते, "मले काही होत नाही, मले महादेवाचं दर्शन घ्याचं हाय." ती आजोबांसोबत तरुणपणी नागपंचमीच्या आधी पचमढीच्या जंगलातल्या नागद्वारच्या यात्रेला पायी गेलेली, त्याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मला मनापासून वाटतं की तिला न्यावं.

मोठी गाडी एकच घ्यावी की दोन-तीन लहान? ट्रेन परवडेल का? राहायला हॉटेल बरं की बंगला? आणि पैशाचं कसं करता तुम्ही लोक, कारण सगळ्यांची परिस्थिती सारखी नाही आणि कोणाला कमीपणा वाटायला नको.

सावनेर_नाका

भाऊ, एकच मोठी गाडी घ्या. २६ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, वरती कॅरिअर आणि ताडपत्री असलेला. तीन गाड्या घेतल्या की एक पुढे जाते, एक चहाला थांबते, तिसऱ्यातल्यांचा फोन लागत नाही आणि सगळा दिवस "तुम्ही कुठवर पोचले" यातच जातो. शिवाय खरी मजा गाडीतच असते हो! भेंड्या, पोट्ट्यांची खिडकीसाठी मारामारी, मागच्या सीटवर सगळ्या बहिणी एका बाजूला. पुण्याचा भाचा आणि हैदराबादची भाची एरवी कधी बोलणार एकमेकांशी? सहा-सात तास एका गाडीत बसले की परत येईपर्यंत त्यांची गट्टी झालेली असते, आमच्याकडे दरवेळी होते.

रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली, पचमढी. साधारण अडीचशे किलोमीटर, छिंदवाडा बरोबर मध्यावर येतं. लहान पोरं आणि म्हातारी माणसं सोबत असली की आठ तास धरूनच चाला. पहाटे पाचला निघायचं. पहिला हॉल्ट जाम सावळीला, सौंसरजवळच आहे, झोपलेल्या मारुतीचं दर्शन होतं आणि गाडीत आणलेला नाश्ताही होतो. तामियानंतर घाट आहे, ज्यांना गाडी लागते त्यांना छिंदवाड्यालाच पुढच्या सीटवर घ्या, घाटात मोबाईल बघू देऊ नका, आणि गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घाटाच्या आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो.

गाडीवाल्याशी बोलताना मध्य प्रदेशचं परमिट आणि टॅक्स कोण भरणार, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, त्याच्या झोपायची सोय, सगळं आधीच लिहून घ्या. आणि ड्रायव्हरला जेवायला आपल्यासोबत बसवा बाप्पा, त्या घाटात आपली सगळी माणसं त्याच्या हातात असतात.

वर्धेची_आत्या

आजीला न्या. ज्या माणसाने नागद्वार पायी केलंय त्याला घरी ठेवून आपण महादेवाला जायचं हे मला तरी पटत नाही. फक्त तिच्या हिशोबाने ठिकाणं निवडा, बाकीच्यांनी त्यात काही गमावत नाही.

मोठ्या महादेवाच्या गुहेपर्यंत वाट बऱ्यापैकी सपाट आहे, तिथे तिचं दर्शन आरामात होईल. हांडी खोह आणि प्रियदर्शिनी पॉईंटला गाडीतून उतरून थोडंच चालायचं. धूपगडला जिप्सी (तिथली उघडी जीप) वरपर्यंत जाते, १,३५२ मीटर उंच आहे, सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, सूर्यास्त तिथला बघाच आणि आजीला शाल पांघरून एका जागी बसवा. जटाशंकरला मात्र पायऱ्या उतरून जावं लागतं, बी फॉलला तर कितीतरी पायऱ्या, आणि चौरागडच्या हजारावर. तिथे तरुण पोरांना जाऊ द्या आणि तेवढा वेळ मोठ्यांनी रूमवर आजीजवळ बसून गप्पा मारायच्या. दरवेळी त्याच काकू मागे राहायला नकोत म्हणून आळीपाळी आधीच ठरवा, आणि त्यात पुरुषांचीही नावं घाला.

व्हीलचेअर सर्जिकल सामानाच्या दुकानात भाड्याने मिळते. रूम ग्राउंड फ्लोअरची, कमोडवाली, हे फोनवर दोनदा विचारून घ्या आणि बाथरूमचा फोटो मागवा. घडीची कमोड खुर्ची मिळाली तर गाडीत टाका, रस्त्यातल्या हॉल्टला फार कामी येते. म्हातारी माणसं प्रवासात पाणीच पीत नाहीत, उतरावं लागेल या भीतीने, आणि मग तब्येत बिघडते. तिला आधीच सांगून ठेवा की आजी, तू म्हणशील तिथे गाडी थांबेल.

रेल्वेवाला_अजनी

ट्रेनचं विचारलंय म्हणून सांगतो. पचमढीला स्टेशन नाही, जवळचं पिपरिया, ते इटारसी-जबलपूर लाईनवर, तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर घाट चढून टॅक्सीने. म्हणजे आजी, बाळ आणि २३ जणांचं सामान दोन-तीनदा उतरवा-चढवा. या ट्रिपला ट्रेन नको.

पण पुढे कधी तिरुपती, पुरी असं लांबचं ठरलं तर ट्रेनसारखं दुसरं काही नाही. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे तुमची चार तिकिटं होतील आणि बर्थ डब्याभर विखुरतील. म्हणून तिकिटं काढताना प्रत्येकात एक जाणता माणूस आणि त्याच्यासोबत त्याची पोरं असं वाटून टाका, नाहीतर एका तिकिटावर सगळी लहान मुलंच राहतात. साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या वरच्या बायका यांच्यासाठी लोअर बर्थचा कोटा असतो, पण तो एकट्याच्या किंवा दोघांच्या तिकिटाला लागतो, सहा जणांच्या तिकिटात आजीचं नाव टाकलं तर धरून चालू नका. आणि बुकिंग १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, आधीसारखे १२० नाही, त्यामुळे दिवाळीचं असेल तर त्या दिवशी सकाळी आठला चौघांनी चार ठिकाणी तयार बसायचं.

महालची_सून

मी जेवणावर बोलते कारण ते कोणी बोलत नाही. कृपा करून किचनवाला बंगला घेऊ नका. "घरचं जेवण होईल, पैसे वाचतील" असं म्हणतात आणि मग तीन दिवस घरच्या बायका तिथेही २३ जणांच्या पोळ्या लाटतात, पुरुष आणि पोरं फिरून येतात. आमच्याकडे एका ट्रिपला सासूबाईंनी स्वतः सांगितलं की यावेळी कोणीच ओट्याला हात लावणार नाही. त्या ट्रिपला मी माझ्या मोठ्या जाऊबाईंना पहिल्यांदा पत्ते खेळताना पाहिलं, मेंढीकोटमध्ये सगळ्यांना हरवलं त्यांनी! इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीतच नव्हतं की त्यांना खेळता येतं. हॉटेलमध्येच रहा.

पहिल्या दिवसाचं तेवढं घरून न्या. दिवाळीचा फराळ असतोच, चिवडा, चकल्या, शंकरपाळे. त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. पुऱ्या आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून करायच्या, भावांनी तळायच्या. मोठे बाबांचा डबा वेगळा, त्यांच्या वेळेला त्यांच्या हातात, सगळ्यांची वाट बघत बसवायचं नाही. त्यांच्या शेजारी बसणाऱ्याच्या खिशात साखर, ग्लुकोजची पुडी पाहिजे आणि त्याला ते कशासाठी आहे हे माहीत पाहिजे. पचमढीत माकडं भरपूर आहेत, पोरांच्या हातात पिशवी देऊन उतरवू नका.

सावनेर_नाका

ताई, तुमचं म्हणणं मान्य, पण २३ जणांचं रोज दोन वेळ हॉटेलात म्हणजे ऑर्डर यायलाच दीड तास लागतो आणि लहान पोरं रडून झोपून जातात. आम्ही आचारी सोबत नेतो. गाडीत एक सीट त्याची. बंगल्यात तोच करतो, वरण-भात, पोळ्या, एक भाजी, आणि रात्री एकदा वडाभात. घरच्या कोणालाच काम नाही.

महालची_सून

आचारी नेत असाल तर माझी काहीच हरकत नाही, ते सगळ्यात चांगलं. भांडी घासायला कोण, तेही आधी ठरवा मात्र.

हिशोबनीस_मानेवाडा

पैशाचं सांगतो. एक फंड करा आणि खजिनदार एकच ठेवा, शक्यतो घरातला असा माणूस ज्याला कोणी उलटून बोलत नाही, आमच्याकडे धाकटी आत्या आहे. गाडी, राहणं, जेवण, जिप्सी फंडातून. खरेदी आणि पोरांचे लाड ज्याचे त्याने. सगळ्यांकडून सारखी रक्कम मागू नका. आमच्यात प्रत्येक जण खजिनदाराशी एकटं बोलतो आणि आपल्याला जमेल तो आकडा सांगतो, तो आकडा तिच्याशिवाय कोणाला कळत नाही, कमी पडलं ते कमावते भाऊ आपसात भरतात. आकडे ग्रुपवर टाकायचे नाहीत म्हणजे नाहीत. ज्या चुलत भावाचं दुकान त्या वर्षी बसलं होतं तो यामुळेच येऊ शकला आणि सगळ्यात जास्त तोच हसवत होता आम्हाला.

रोख सोबत ठेवा, घाटात नेटवर्क जातं तेव्हा मोबाईलने पैसे जात नाहीत. आणि तिथे बरेच पॉईंट जंगलात येतात, आपली गाडी नेता येत नाही, स्थानिक जिप्सी घ्यावी लागते. एकीत सहा जण धरा, तुम्हाला चार लागतील. दिवाळीच्या गर्दीत सकाळी लवकर एक जण पाठवून परमिट काढून घ्या.

नंदनवनचा_नातू

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री सगळं घरी वाचून दाखवलं. काका आधी गप्प होते, मग म्हणाले व्हीलचेअर मी ढकलणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आजी येऊन राहिली, ठरलं! २६ सीटर बघितली, आचाऱ्यासाठी सीटही उरते. फंड मोठ्या आत्याकडे. मागे थांबायच्या आळीपाळीत पहिलं नाव बाबांचं लिहिलंय आणि ते हो म्हणाले.

एकच राहिलं, आठ महिन्यांच्या बाळाला धूपगडच्या जिप्सीत न्यावं का? ताई विचारून राहिली.

वर्धेची_आत्या

सूर्यास्ताला नको. वर वारा असतो, उघड्या जिप्सीत धूळ आणि परत येताना अंधार होतो, थंडी वाजते. ताईला सकाळी ऊन आल्यावर हांडी खोहला न्या. आणि संध्याकाळी सगळे धूपगडला गेले की बाळाजवळ तिला एकटीला ठेवू नका, कोणीतरी एक जण थांबा.

नंदनवनचा_नातू

मी थांबतो. कळवतो ताईला.