मोर्चात लाठी बसली, पुढे कागदाचं काय झालं?

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. चौकशीला नेमलेल्या गुंडेवार आयोगाने गोळीबार अनावश्यक ठरवला. तरी गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदार मनोहर कदमला शिक्षा व्हायला २००९ उजाडलं, मग उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. मावळात ९ ऑगस्ट २०११ ला पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात तिघे पोलिसांच्या गोळीबारात गेले.

तुमचे अनुभव लिहा. मार थोडक्यात, नंतरची धावपळ सविस्तर. पोलीस ठाण्याचं, साहेबाचं नाव नको.

*

रमाबाई नगर, तेव्हा चौथीत. आईने मला पाण्याच्या पिंपामागे कोंबून वर गोधडी टाकली. गोधडीला रॉकेलचा वास होता. शेजारचे काका साक्षीला खाडा करून जायचे, पगार कापला जायचा. निकालाला पेढे आणले नाहीत. म्हणाले, "अपील आहे अजून."

*

शिष्यवृत्तीच्या मोर्चात कोपर फुटलं. दवाखान्यात सोबत शिपाई होता. डॉक्टरने विचारायच्या आत तोच बोलला, "पळताना पडला." केसपेपरवर तेच चढलं. वर्षभराने वकील म्हणाले, हा कागद तुझ्याच विरुद्ध जातो. तेव्हा जखम कशाने झाली ते डॉक्टरला स्वतः सांगा, आणि लिहिलेलं वाचल्याशिवाय उठू नका.

*

पोरावर तेव्हाचं कलम ३५३ लागलं, सरकारी कामात अडथळा. रास्ता रोकोत तो पाण्याचे जार उतरवत होता. पुढे गुन्हे मागे घेतल्याची घोषणा झाली, आम्ही फटाके वाजवले. पण त्यासाठी सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करावा लागतो, कोर्टाने तो मान्य करावा लागतो, हे तिसऱ्या तारखेला कळलं. पासपोर्ट अडलेलाच आहे.

*

माहिती अधिकारात पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज मागितलं. उत्तर आलं, साठवण संपल्याने पुसलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये १८ महिने ठेवायला सांगितलंय, हे अपिलात लिहिलं. त्याची पोच तेवढी माझ्याकडे आहे. (पोच घ्याच. शिक्का नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता.)

*

माझे वडील पोलिसात होते. शिव्या घालायच्या आधी वाचा. अठरा तास बंदोबस्त, पोटात एक वडापाव. लाठीमाराचा हुकूम तोंडी आला. चौकशीत साहेब म्हणाले, मी तसं बोललोच नाही. वडील निलंबित, साहेबांची बदली, तीही चांगल्या जागी. पण एका म्हातारीला आपण मारलं, हे वडिलांनी कधी नाकारलं नाही. तिची एक चप्पल रस्त्यात राहिली होती, तेवढं सांगायचे. रिटायर झाल्यावर दोनदा त्या गावी गेले. दोन्ही वेळा एसटी स्टँडवरूनच परत आले.