पाड्याच्या रस्त्यासाठी लोकसंख्या कोणती धरतात?

प्रश्न: आमचा पाडा अक्राणी तालुक्यात, २०११च्या जनगणनेत तीनशेच्या आसपास माणसं. मूळ गावाला डांबरी रस्ता आहे, म्हणून कागदावर आम्हीही जोडलेले! प्रत्यक्षात जीप फाट्यापर्यंतच. पावसाळ्यात नाला भरला की बाळंतिणीला झोळीत घालून चौघं खांद्यावर नेतात. अर्ज कोणत्या आधारावर करायचा?

उत्तर १: प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत एकक महसुली गाव नसून वस्ती असते. म्हणून गावाचा आकडा देऊ नका, पाड्याचा द्या. चौथ्या टप्प्यात २०११चीच जनगणना धरली आहे. सपाटीवर ५०० लोकसंख्येची अट आहे, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या, म्हणजे आदिवासी क्षेत्रात २५०. अक्राणी त्यात येतो.

उत्तर २: ग्रामसभेचा ठराव आधी घ्या, त्यात नाल्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, स्पष्ट लिहा. नुसता रस्ता झाला आणि मोरी राहिली तर पावसाळ्यात परत तेच. आणि हो, शेजारचा पाडा ५०० मीटरच्या आत असेल तर दोन्हींची लोकसंख्या एकत्र धरता येते.

प्रश्नकर्ता: शेजारचा पाडा नाल्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर आहे. दोन्हींचा ठराव एकत्रच घेतो. मनापासून आभार.