लॅपटॉप टीव्हीला जोडला की पडदा काळाच, तुमचे अनुभव लिहा

काल भाचीचा फोन, मावशी लॅपटॉप टीव्हीला लावलाय पण नुसतं 'नो सिग्नल' येतंय. एकदम बाबांचा जुना कॉम्प्युटर आठवला. त्यांना बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती म्हणून टीव्हीवर लावून द्यायचा होता, कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए (जुना निळा पोर्ट, फक्त चित्राचा) आणि टीव्हीला एचडीएमआय (आताचा, चित्र-आवाज दोन्हीचा). व्हीजीए अ‍ॅनालॉग असतं, एचडीएमआय डिजिटल, साध्या वायरने भागत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो हे कळेपर्यंत किती हैराण झालो. चित्र आलं तेव्हा बाबा जेवायला उठेनात! तुमचं काय काय झालंय?

— आधी टीव्हीचा सोर्स (कुठल्या पोर्टवरचं चित्र दाखवायचं ते) बघायला सांगा. वायर एचडीएमआय २ मध्ये आणि टीव्ही १ वर, आमच्याकडे बऱ्याचदा हेच निघतं. नसेल तर लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा, म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र

— डेस्कटॉपला नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि वायर राहिली मदरबोर्डच्याच पोर्टला, कार्ड बसलं की बऱ्याच बोर्डांवर तो पोर्ट आपोआप बंद होतो हे कोणाला माहीत, भावाने रॅम काढून पुसून परत बसवली, अख्खी रात्र गेली, शेवटी वायर कार्डाला लावली आणि झालं. फार दमला होता बिचारा

— अरेरे 😔

— सी पोर्टवाल्यांनो, प्रत्येक यूएसबी सी मधून चित्र जात नाही. डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (सी मधून चित्र पाठवायची सोय) आहे का ते मॅन्युअलमध्ये बघूनच अडॅप्टर घ्या, नाहीतर पैसे वाया

— आमचं चित्र यायचं नि जायचं. ४के चित्र ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा बदलणारं) १८ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे गिगाबिट झेपणारी वायर लागते, जुनी लांब वायर होती. ३० हर्ट्झ केल्यावर टिकलं, पिक्चर बघायला तेवढं पुरतं, गेमला नाही

— ताई, बाबा कसे आहेत आता?

— बरे आहेत, मोतीबिंदू काढला, मोबाईलवर वाचतात. आणि भाचीचं झालं! 'पीसी स्क्रीन ओन्ली' (चित्र फक्त लॅपटॉपवर) वर होतं. पण आवाज अजून लॅपटॉपमधूनच येतोय

— खालच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुटला टीव्ही निवडायला सांगा. व्हीजीएवरून असतं तर आवाज गेलाच नसता, वेगळी वायर लागते

— ताई मोतीबिंदूचं जरा सविस्तर लिहाल का, आईचं करायचंय, ती फार घाबरलीये