मदत हवी आहे: आम्लाची संहती (द्रावणातलं प्रमाण) वाढवली तरी अभिक्रियेचा वेग का वाढत नाही?

नमस्कार मंडळी. सोडियम थायोसल्फेट आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग बऱ्याच जणांनी केला असेल. कागदावर फुली काढायची, तिच्यावर चंचुपात्र ठेवायचं आणि गंधकाच्या दुधट गढूळपणात फुली दिसेनाशी व्हायला लागणारा वेळ मोजायचा.

थायोसल्फेटचं ठीक जमतं. ५० मिलीऐवजी २५ मिली द्रावण आणि २५ मिली पाणी घेतलं, आम्ल तेवढंच १० मिली ठेवलं, की वेळ साधारण दुप्पट होतो. वेळेचा व्यस्तांक आणि संहती यांचा आलेखही जवळपास सरळ रेषेत येतो. म्हणजे पहिली कोटी (संहती जितक्या पट, वेगही तितक्याच पट), इथवर कळतं.

घोडं अडतं ते आम्लापाशी. थायोसल्फेट तेच ठेवून आम्लाची संहती दुप्पट केली, तरी वेळेत फारसा फरक पडत नाही. समीकरणात तर एका थायोसल्फेटमागे आम्लाचे दोन रेणू लागतात! कण वाढले की टकरा वाढतात, हे आपण सगळेच शिकतो. मग इथे त्या जास्तीच्या टकरा कुठे जातात?

अभिक्रिया टप्प्याटप्प्याने होते आणि सर्वांत संथ टप्पा वेग ठरवतो, हे वाचलंय. वेगनियमातले (वेग आणि संहती यांचं नातं सांगणाऱ्या सूत्रातले) घातांक समीकरणावरून नाही तर प्रयोगातूनच काढायचे, हेही माहीत आहे. पण बारावीच्या मुलांना हे टकरांच्या भाषेतच पटवून द्यायचं आहे, नुसता नियम सांगून नाही. या अभिक्रियेतला संथ टप्पा नेमका कोणता, आणि आम्ल त्यात का मोजलं जात नाही? कुणी नीट उलगडून सांगेल का?