प्रतिसाद: घरी ओतलेल्या पिस्टनमधली छिद्रं

लेथवर पहिला कट घेतला की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. साच्याच्या वाळूला दोष देण्याआधी ओलावा बघा. वितळलेलं अॅल्युमिनियम त्यातला हायड्रोजन शोषतं आणि थिजताना सोडतं, त्याच बुडबुड्यांची ही छिद्रं. नाशिकच्या पावसाळ्यात भंगारही दमट असतं, भट्टीच्या कडेला खडखडीत वाळवूनच मुशीत टाका. (ओला तुकडा वितळलेल्या धातूत पडला तर अंगावर उडतो, चेष्टा नाही.) अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ७२० च्या आसपास ओता, उगाच तापवत बसू नका. कोल्ड्रिंकचे कॅन तर नकोतच. अंबड-सातपूरकडच्या भंगारवाल्याकडे जुने पिस्टन मागा, त्यातल्या सिलिकॉनमुळे साचा नीट भरतो. पिस्टनच्या जाड माथ्यावर रायझर (थिजताना आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा जादा साठा) ठेवा. लेथवर टर्निंग करताना कटवर सोडायला रॉकेल पुरतं.