फी महिन्याची, तासाची नव्हे

‘मूल शिकवणीला आलं नाही त्या दिवसाचे पैसे फीतून कापायचे का?’ असा प्रश्न संगीत शिकवणाऱ्यांना पडतो. माझं मत, अजिबात कापू नका. फोंड्याला पेटी (हार्मोनियम) शिकवतो मी. मंगळवारची पाचची वेळ एकाला दिली की दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं. फी त्या वेळेची. म्हणून ५ तारखेच्या आत, आगाऊ. रजा मी घेतली तर तास भरून देतो, विद्यार्थ्याने घेतली तर नाही.

चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, घोळ मात्र वेगळाच. आठवडाभर सगळे मूळ घरी, आरत्यांना पेटी वाजवत (तोही रियाजच म्हणा). तो आठवडा सुट्टीचा धरूनच मी वर्षाची फी ठरवतो आणि बारा सारखे हप्ते पाडतो. ‘यंदा अर्धाच महिना झाला, सर’ ही घासाघीस त्यामुळे उरत नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांचं शुल्क वेगळं, हेही प्रवेशाच्या वेळीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.

गुरुपौर्णिमेचं पाकीट फीत वळतं करू नका, पालक म्हणाले तरी. आणि थकलेल्या फीबद्दल चार मुलांदेखत पोराला विचारू नका. सरळ आईला किंवा बाबांना फोन लावा.