जैसलमेरला नक्की कधी जावं? आई आणि मुलांना घेऊन जायचंय, सल्ला हवाय

भटकी_आई
नमस्कार मंडळी, जैसलमेर बरीच वर्षं मनात आहे आणि 2026 संपायच्या आत जायचंच असं ठरवलंय, पण कधी जायचं ह्यावर घरात एकमत होईना. आम्ही पाच जण, मी, नवरा, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत आणि माझी आई. आई 71 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, थंडीत जरा जास्तच, पण हळूहळू सगळीकडे चालते. नाशिकहून निघणार.

नवरा म्हणतो मे मध्ये जाऊ, मुलांना सुट्टी आणि हॉटेलं स्वस्त. माझी मैत्रीण म्हणते नाताळातच जा, वाळवंट थंडीतच बघावं. आई म्हणते दिवाळी घरी झाल्याशिवाय मी कुठेही यायची नाही. आणि कुणीतरी फेब्रुवारीतल्या उत्सवाचं सांगितलं, तो काय असतो? किल्ला, हवेल्या, वाळूत एक रात्र आणि तनोटला जायचं आहे, आईला ते देऊळ बघायचंच आहे. प्लीज अनुभव असलेल्यांनी सांगा.

सुट्टीवेडा
मे अजिबात नको. 42 ते 45 हे तिथलं नेहमीचं दुपारचं तापमान, वर लू आणि आंधी. स्वस्त हॉटेलात एसी लावून बसायचं असेल तर नाशिक काय वाईट आहे.

जोधपूरकर
ताई, मी नोकरीमुळे बरीच वर्षं जोधपूरला आहे आणि गावाकडचं कोणी आलं की त्यांना जैसलमेरला नेणं माझ्याकडेच असतं, त्यामुळे जवळजवळ सगळ्या महिन्यांत जाऊन झालंय. जरा सविस्तर लिहितो.

लोक दुपारचं तापमान बघून ठरवतात आणि तिथेच गणित चुकतं. जैसलमेरला दुपारी एक ते चार तसंही कोणी काही बघत नाही, जेवून आडवं व्हायचं असतं. तुम्ही खरं फिरणार सकाळी लवकर आणि संध्याकाळी, आणि एक रात्र तंबूत काढणार. म्हणजे बघायचं ते रात्रीचं आणि पहाटेचं तापमान. हवा कोरडी, आकाश मोकळं, वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते, त्यामुळे दिवस-रात्रीत पंधरा-सोळा अंशांचा फरक सहज पडतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी 24 असतं, छान ऊन, स्वेटर काढून फिरता, आणि रात्री सात-आठवर येतं, थंडीची लाट आली तर दोन-तीनपर्यंतसुद्धा. शहरातल्या हॉटेलात चालून जातं, पण शहराबाहेर उघड्या वाळूत कापडी तंबूत गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती रात्र फार जड जाते. शिवाय जैसलमेर पार पश्चिमेला असल्यामुळे त्या दिवसांत साडेसाताच्या आसपास उजाडतं, म्हणजे गारठा सकाळी उशिरापर्यंत हटत नाही.

माझं मत विचाराल तर दोन खिडक्या आहेत. एक नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या 18-20 तारखेपर्यंत, आणि दुसरी फेब्रुवारी महिना. दोन्हीत आईंच्या दृष्टीने नोव्हेंबर बरा, दुपारी 29-30 आणि रात्री 14-15, एक शाल पुरते. ऑक्टोबरात दुपारी अजून 35-36 असतं, किल्ल्याचा चढ चढताना वृद्ध माणसाला धाप लागते. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा तापायला लागतं.

नाताळ ते नवीन वर्ष टाळा असं स्पष्ट सांगतो. भाव दुप्पट-तिप्पट होतात, समच्या म्हणजे शहराबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांच्या रस्त्यावर गाड्यांची रांग आणि किल्ल्यातल्या बोळांत पाऊल ठेवायला जागा नसते.

पाऊसवेडी
मी थोडं वेगळं सांगते. आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो होतो आणि मला आजवरच्या सहलींत ती सगळ्यात आवडली. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता, सेवण गवत सगळीकडे उगवलेलं, वाळूच्या टेकड्यांच्या मधे हिरवं, किल्ला मोकळा, पटवोंच्या हवेलीत तर तासभर आम्ही आणि रखवालदार एवढेच. दुपारी उकडतं हे खरं, पण हॉटेल अगदी कमी भावात मिळालं. वाळवंट म्हणजे डिसेंबरच असं का धरून चालायचं?

जोधपूरकर
@पाऊसवेडी, हिरवं जैसलमेर फार सुंदर दिसतं ह्यात वाद नाही, तरुण मंडळींना मी स्वतः सांगतो बघा म्हणून. पण त्याचा नेम नाही. वर्षाचा सगळा पाऊस मिळून 200 मिलीमीटरच्या आतबाहेर, कधी चार सरींत सगळा पडतो, कधी पडतच नाही. आणि पडला की कसा पडेल सांगता येत नाही, 2006 च्या ऑगस्टात शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात कवास गाव पाण्याखाली गेलं होतं. वाळूखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी कित्येक दिवस मुरलंच नाही. दुसरं म्हणजे भाद्रपदात पोकरणजवळ रामदेवराची जत्रा असते, शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत, म्हणजे आपल्या गणपतीतच. लाखो लोक पायी येतात, जोधपूर-जैसलमेर रस्ता आणि रेल्वे दोन्ही भरून वाहतात. दर्शनालाच जायचं असेल तर जरूर त्या दिवसांत या, पण 71 वर्षांच्या आईंना घेऊन सहलीसाठी नको.

माळढोक
मुलांना पक्ष्यांची आवड आहे का? असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीशिवाय दुसरा विचारच करू नका. जोधपूरहून येताना फलोदीमार्गे या, तिथे खीचन गावात कुरजां म्हणजे आपले करकोचे हजारोंच्या संख्येने उतरतात, सप्टेंबरपासून यायला लागतात आणि मार्चपर्यंत असतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालतात, सकाळी चुग्गाघरावर थवेच्या थवे उतरताना बघितले की मुलं ते विसरणार नाहीत. 2025 मध्ये खीचनला रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. सकाळी लवकर पोचा, उशीर झाला तर पक्षी तळ्यांकडे निघून जातात.

समच्या जवळ सुदासरीला डेझर्ट नॅशनल पार्कचा भाग आहे, तिथे गोडावण म्हणजे माळढोक दिसण्याची शक्यता असते. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला आता तो दिसणं जवळजवळ संपलंच, जगात दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. दिसेलच असं नाही, पण मुलांना जरूर न्या, आणि जीपवाल्याला रस्ता सोडून आत घालायला अजिबात सांगू नका, तो कितीही म्हणाला "पास से दिखाता हूँ" तरी.

सोनार_भिंत
माझ्या मिस्टरांचं पोस्टिंग तिथे होतं, त्यामुळे राहण्याबद्दल लिहिते, ऋतूशी त्याचा संबंध आहेच. बरेच जण हौसेने किल्ल्याच्या आत राहतात. हा किल्ला 1156 मध्ये रावळ जैसलने बांधला आणि अजूनही आत हजारो लोक राहतात, पण ज्या टेकडीवर तो उभा आहे ती मऊ आहे, आणि हॉटेलं वाढल्यापासून सांडपाणी पायात मुरून बुरूज खचलेत. किल्ला मनापासून आवडत असेल तर कृपा करून बाहेर राहा आणि आत फक्त बघायला जा. बाहेरून संध्याकाळी तो दिसतोही जास्त छान, गच्चीवरून अख्खा पिवळा किल्ला समोर. आईंनाही बाहेरचं बरं, आतल्या हॉटेलांत बहुतेक अरुंद उंच पायऱ्या.

किल्ल्यातली जैन मंदिरं सकाळीच करा, दुपारनंतर बाहेरच्यांना सहसा आत सोडत नाहीत. आईंना एका सकाळी मंदिरं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गडीसर तलाव एवढंच ठेवा, सगळं एका दिवसात कोंबू नका.

तनोट साधारण 120 किलोमीटर आहे, पहाटे निघून दुपारपर्यंत परत येता येतं. 1965 च्या युद्धात देवळाच्या आवारात पडलेले न फुटलेले गोळे तिथे ठेवलेत, पूजेचं सगळं सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात. येताना लोंगेवाला करा, 1971 च्या डिसेंबरमध्ये रणगाड्यांची लढाई झाली ती जागा. तिथे सावली नाही, म्हणून हा दिवस मे मध्ये करणं म्हणजे शिक्षा, आणि नोव्हेंबरात अगदी आरामात होतो. पाणी आणि थोडा खाऊ बरोबर घ्या, वाटेत रामगढ सोडलं तर विशेष काही मिळत नाही.

भटकी_आई
बाप रे, किती छान माहिती! नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, मे बाद झाला. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, मुलांची सुट्टी भाऊबीजेनंतरही आठवडाभर असते. म्हणजे आईचंही ऐकलं जाईल. पण दिवाळीत तिथे गर्दी असते असं ऐकलंय, खरं का? आणि तो फेब्रुवारीचा उत्सव चुकवू नये असा आहे का? आणि हो, वाळूतली रात्र पौर्णिमेला धरावी का?

जोधपूरकर
गर्दी असते, अगदी खरं. पूजेच्या सुट्टीत बंगाली मंडळी आणि दिवाळीत गुजराती मंडळी, हा तिथला ठरलेला क्रम. पण गुजराती लोकांची दुकानं-पेढ्या लाभपाचमला म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला उघडतात, त्यामुळे त्याच्या आदल्या दिवसापासूनच गाड्या परत निघायला लागतात. तुम्ही 15 नोव्हेंबरच्या पुढे पोचा, फरक लगेच जाणवेल, भावही खाली येतात.

उत्सव म्हणजे मरू महोत्सव, माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा, त्यामुळे तारीख दर वर्षी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी अशी सरकते. पगडी बांधायच्या स्पर्धा, मिशांच्या स्पर्धा, उंटांचे खेळ आणि शेवटची रात्र समला. रंगीत असतो, पण मुलांची शाळा बुडवून यावं असं मी म्हणणार नाही. लंगा-मांगणियार गायकांना ऐकायचं असेल तर ते कुठल्याही हिवाळी संध्याकाळी ऐकता येतं, फक्त कॅम्प नीट निवडा. समला बरेच कॅम्प रात्री डीजे लावतात, बुकिंग करतानाच विचारा की डीजे आहे का, आणि कमायचा हे तिकडचं तंतुवाद्य वाजवणारे कोणी येतात का. शांतता हवी असेल तर खुरी बघा, समपेक्षा थोडं लांब पण गर्दी कमी.

माळढोक
चंद्राबद्दल मी सांगतो. भर पौर्णिमेला वाळू सुंदर दिसते पण तारे जवळजवळ दिसत नाहीत, आणि अमावस्येला तारे असतात पण टेकड्या दिसत नाहीत, मुलं घाबरतात. तुमच्या तारखा चांगल्या पडतायत, 16-17 नोव्हेंबरला शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र असेल, संध्याकाळी वर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे जेवण होईपर्यंत चांदणं आणि पहाटे उठलात तर पूर्ण काळं आकाश. मुलीला पाचला उठवा.

सुट्टीवेडा
तिकिटाचं बघा आधी. बांद्रा टर्मिनसहून सूर्यनगरी दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर, तिथून गाडीने पाच तास. जैसलमेरला विमानं हिवाळ्यात असतात पण पाच जणांचं तिकीट दिवाळीच्या सुट्टीत परवडणार नाही.

भटकी_आई
ठरलं मग. 14 ला निघायचं, 15 ला जोधपूरला मुक्काम, 16 ला पहाटे निघून खीचन करून जैसलमेर. आईला सांगितलं तर तिने लगेच विचारलं की बाजरीची भाकरी मिळेल ना तिथे, म्हणजे ती तयार आहे!

जोधपूरकर
मिळेल, सोगरा म्हणतात तिकडे, केर-सांगरीच्या भाजीबरोबर मागा आणि वर तूप घालू द्या त्यांना. रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमचं गणपतीत उघडेल, घरात पाहुणे असतील आणि राहून जाईल, तेव्हा कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. खालचा बर्थ मिळावा म्हणून आईंचं वय नीट भरा आणि कॅम्पवाल्याला फोन करून एक जादा रजई सांगून ठेवा.